दोन रंगांच्या पाण्याचा तालुका

पस्तीस वर्षें आम्हीं शाळेंत भूगोल शिकविला. नदी कोठें उगम पावते व कोणास मिळते, एवढें मुलांकडून घोकून घेतलें कीं आमचें समाधान होई. तें किती अपुरें होतें, हें थायलंडच्या, म्हणजे जुन्या सयामच्या, अगदीं पूर्वेकडील खोंग चियाम तालुक्याची माहिती वाचतां आमच्या ध्यानीं आलें.

हा तालुका उबोन राचथानी प्रांतांत आहे. नांव परकें वाटतें खरें. परंतु 'उबोन' म्हणजे आपलें उत्पल, आणि 'राचथानी' म्हणजे राजधानी! कोराटचें वालुकाश्माचें पठार आपल्या दख्खनप्रमाणेंच पूर्वेकडे उतरतें. त्यामुळें पश्चिमेच्या डोंगरांत उगम पावलेली मून नदी तें सारें पठार ओलांडून येथें मेकाँगला मिळते. मेकाँग गाळानें मातकट, मून निळसर. दोन्ही प्रवाह कांहीं अंतर शेजारीं शेजारीं वाहतात. प्रयागच्या गंगायमुनांचें स्मरण व्हावें असें तें दृश्य. थाई भाषेंत नदीस 'मे नाम', म्हणजे पाण्याची माता म्हणतात. आपण लोकमाता म्हणतों.

मेकाँगच्या कांठीं फा तेम नांवाचा उभा कडा आहे. त्यावर तीन-चार सहस्र वर्षांपूर्वींचीं तांबडीं चित्रें आहेत: हत्ती, हातांचे ठसे, मोठाले मासे आणि मासे धरण्याचे सांपळे. येथील माणसाचें पोट कशावर भरत आलें, तें कड्यावरच लिहिलेलें आहे. पावसाळा लागला कीं मेकाँगचे मासे अंडीं घालण्यासाठीं मूनमध्यें चढत.

1994 सालीं संगमाच्या वर सुमारें साडेपांच किलोमीटरांवर पाक मून धरण पुरें झालें. वीज 136 मेगावॉट मिळेल, असा हिशेब होता. माशांसाठीं पायऱ्याहि बांधल्या. पण मासे त्यांवरून फारसे चढले नाहींत. जागतिक धरण आयोगाच्या 2000 सालच्या अहवालाप्रमाणें, पूर्वीं नदींत माशांच्या 265 जाती नोंदल्या होत्या; पुढें धरणाच्या वरच्या अंगास अवघ्या 96 आढळल्या. कोळ्यांनीं धरणापाशीं ठाण मांडलें. 2001 सालीं दारें उघडलीं, तेव्हां मासे पुन्हां वर आले. तरी 2002 सालीं तीं वर्षांतून चारच महिने उघडीं ठेवण्याचें ठरलें.

ज्या घरीं नातवंडें भूगोल घोकीत असतील, तेथील वडीलधाऱ्यांनीं नदी कोणास मिळते हें अवश्य विचारावें. आणि तिच्यावर कोण जगतें, हेंहि विचारावें. आम्हीं तें कधीं विचारलें नाहीं.