कलेचे अनुदान आणि वर्णाचा रकाना

सरकारने कलेला पैसे द्यावेत की नाही, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले. दिलेले पैसे कोणत्या लेखाशीर्षाखाली पडतात, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. हिशेबाच्या नोकरीत उमर गेल्यामुळे मला तोच आधी दिसतो. कलेचे रीतसर शिक्षण मला नाही, विद्यापीठाशी संबंध नाही. ब्रिटनमधल्या कला-अनुदानाचा इतिहास मी मिळेल तिथून वाचत आलो आहे. त्या इतिहासात वर्णाचा प्रश्न जिथे जिथे येतो, तिथे मला भाषणांपेक्षा अनुदानाचे नियम अधिक बोलके वाटले.

आर्ट्स कौन्सिल ऑफ ग्रेट ब्रिटन या संस्थेला १९४६ मध्ये राजसनद मिळाली. मूळ प्रेरणा अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांची. पैसे सरकारने द्यायचे, पण ते कुणाला मिळावेत हे मंत्र्याने ठरवायचे नाही. त्यासाठी जाणकारांच्या समित्या असतील, अशी ही रचना. राजकारण्यांना चार हात दूर ठेवणारी म्हणून तिचे कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. फक्त जाणकार कुणाला म्हणायचे, हे आधीचे जाणकारच ठरवत. त्यामुळे संगीत म्हणजे ऑपेरा आणि वाद्यवृंद, नृत्य म्हणजे बॅले, हे कुणी न लिहिताच ठरून गेले.

दुसरा नियम याहून साधा आणि म्हणूनच जास्त परिणामकारक होता. अनुदान व्यावसायिकांना, हौशींना नाही. आपल्याकडे ‘हौशी’ या शब्दाला कमीपणा नाही. महाराष्ट्र शासन हौशी नाट्य स्पर्धा भरवते आणि तिथून रंगभूमीला माणसे मिळत आली आहेत. ब्रिटनमध्ये मात्र या शब्दाने माणूस दाराबाहेर राहत असे. आता कॅरिबियन बेटांतून, पंजाबमधून, सिल्हटमधून आलेल्या कामगाराचा विचार करा. दिवसभर कारखान्यात किंवा बसवर काम, संध्याकाळी भाड्याच्या सभागृहात तालीम. त्याने गाण्या-नाचण्यावर पोट भरले नाही, कारण त्या कलेला पैसे देणारे कुणी नव्हते. आणि पैसे मिळाले नाहीत, कारण तो त्यावर पोट भरत नव्हता. या नियमात वर्णाचा उल्लेख कुठेही नाही. तो लिहिणाऱ्याच्या मनात वर्णद्वेष होता असेही मी म्हणणार नाही. हिशेब तपासताना मी हेतू तपासत नाही, शेवटची बेरीज पाहतो.

ही बेरीज पहिल्यांदा नीट मांडली नसीम खान यांनी. १९३९ मध्ये बर्मिंगहॅमला जन्म, वडील भारतीय, आई जर्मन. त्या पत्रकार होत्या आणि भरतनाट्यम शिकलेल्या होत्या. ‘द आर्ट्स ब्रिटन इग्नोअर्स’, म्हणजे ब्रिटन ज्यांच्याकडे दुर्लक्ष करते त्या कला, हा त्यांचा अहवाल १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला पाठबळ देणाऱ्यांत खुद्द आर्ट्स कौन्सिल होती, ही गोष्ट कौन्सिलच्या बाजूने नोंदवायला हवी. स्थलांतरितांच्या कला म्हणजे परदेशी पाहुण्यांचा खेळ नव्हे, त्या ब्रिटनच्याच कला आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. सोबत मागण्या अगदी व्यवहारी होत्या: तालमीला जागा, प्रयोगाला रंगमंच, माहिती देणारी यंत्रणा. त्यातूनच अल्पसंख्याकांच्या कलांसाठी सल्ला देणारी ‘मास’ ही संस्था उभी राहिली.

त्याच वर्षी जूनमध्ये साउथॉलला गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला. त्या धक्क्यातून जतिंदर वर्मा आणि त्यांच्या मित्रांनी १९७७ मध्ये ‘तारा आर्ट्स’ ही नाट्यसंस्था काढली. पहिला प्रयोग टागोरांच्या नाटकाचा. नंतर केन लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखालच्या ग्रेटर लंडन कौन्सिलने अशा संस्थांना हात दिला. थॅचर सरकारने १९८६ मध्ये ती कौन्सिलच बरखास्त केली. त्याच वर्षी आर्ट्स कौन्सिलने आपला कृती आराखडा आणला: दोन वर्षांत किमान चार टक्के खर्च आफ्रिकी-कॅरिबियन व आशियाई कलांवर व्हावा. चारच का? लोकसंख्येतले त्यांचे प्रमाण तेवढे धरले होते. गंमत अशी की ब्रिटिश जनगणनेत वंशाचा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला १९९१ मध्ये, आणि तेव्हा हे प्रमाण सुमारे साडेपाच टक्के निघाले. म्हणजे वाटा ठरला आधी, मोजणी झाली नंतर.

तरीही आकडा ठरणे हे मी पुढचे पाऊल मानतो. आकडा नसेल तर जाब विचारता येत नाही. या वाटेवर एक खड्डा मात्र होता, आणि तो एका चित्रकाराने दहा वर्षे आधीच दाखवला होता.

रशीद अराईन कराचीचे, शिक्षणाने स्थापत्य अभियंते, १९६४ मध्ये लंडनला आले. खान यांच्या अहवालाला त्यांनी लगेच लेख लिहून उत्तर दिले. त्यांचा आक्षेप असा की, आफ्रिकी-आशियाई माणसाची कला म्हणजे त्याच्या जमातीची परंपरा, असे एकदा धरले की त्याच माणसाने केलेली आधुनिक कला कुठेच बसत नाही. गोऱ्या कलावंताने आजच्या काळाविषयी बोलायचे आणि बाकीच्यांनी आपापल्या आजोबांविषयी.

हा आक्षेप समजायला आपल्याकडचेच उदाहरण पुरेसे आहे. फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्यातल्या साळगावचे, जन्म १९२४. मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणाऱ्यांपैकी एक. १९४९ मध्ये ते लंडनला गेले, हलाखीची वर्षे काढली. १९५५ मध्ये गॅलरी वनमधल्या प्रदर्शनाने त्यांचे नाव झाले. १९५८ मध्ये गुगेनहाइम आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी ब्रिटनच्या वतीने जे पाच चित्रकार निवडले गेले, त्यांत सूझा होते. १९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला निघून गेले आणि पुढे ब्रिटिश आधुनिक कलेच्या इतिहासातून त्यांचे नाव जवळपास पुसले गेले. ज्या माणसाने ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले, त्याला तुम्ही वीस वर्षांनी कोणत्या लेखाशीर्षात टाकाल? ‘जमातीच्या कला’ म्हणावे, तर हा कॅथलिक घरातला, विद्रूप ख्रिस्त रंगवणारा माणूस कोणत्या जमातीची परंपरा सांगत होता?

अशा चित्रकारांचे प्रदर्शन करावे असा प्रस्ताव अराईन यांनी १९७८ मध्ये दिला. तो नाकारला गेला. अकरा वर्षांनी, १९८९ च्या नोव्हेंबरात, लंडनच्या हेवर्ड गॅलरीत ‘द अदर स्टोरी’ हे प्रदर्शन भरले. २४ कलावंत होते. सूझा होते, ऑब्री विल्यम्स होते. स्त्रिया चारच, हा दोष तेव्हाही दाखवला गेला. त्या चौघींतल्या ल्युबेना हिमिड यांना २०१७ मध्ये टर्नर पारितोषिक आणि सोनिया बॉइस यांना २०२२ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. या प्रदर्शनात यायला अनिश कपूर यांनी नकार दिला. मुंबईत जन्मलेले कपूर पुढच्याच वर्षी व्हेनिसला ब्रिटनतर्फे गेले. काहींनी त्यांना नावे ठेवली. मी ठेवत नाही. वेगळ्या दालनात उभे राहिले की पुढे तिथेच बोलावतात, ही भीती खोटी नव्हती. आणि ते दालन नसते तर सूझा विस्मृतीतच राहिले असते, हेही तितकेच खरे.

माझे मत असे: सभागृहाचे भाडे कुठून आणायचे, याविषयी खान बरोबर होत्या; चित्राकडे कसे पाहायचे, याविषयी अराईन बरोबर होते. वेगळे लेखाशीर्ष सुरुवातीला लागतेच, पण ते उघडले की मुख्य लेखाशीर्षांची तपासणी थांबते. चार टक्के झाले, खूण केली, उरलेले ९६ पूर्वीसारखेच. खरी मागणी त्या ९६ टक्क्यांविषयी हवी: निवड समितीत कोण, नियामक मंडळावर कोण, ‘गुणवत्ता’ म्हणजे काय हे कुठे लिहिले आहे.

खान स्वतः नव्वदच्या दशकात इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलमध्ये विविधतेच्या विभागप्रमुख झाल्या. रंगभूमीवरच्या वर्णभेदासंबंधी ‘एक्लिप्स’ अहवाल २००२ मध्ये आला. २०११ पासून कौन्सिलचे धोरण बदलले: विविधता ही फक्त अल्पसंख्याकांच्या संस्थांची जबाबदारी न राहता अनुदान घेणाऱ्या सगळ्याच संस्थांकडे आली, आणि काही वर्षांनी कर्मचारी व नियामक मंडळांची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागली. ती कोष्टके रुक्ष आहेत. कुठे कुठे ‘माहिती दिली नाही’ हाच रकाना फुगलेला दिसतो. मी ती उतरवून घेतो. कर्मचाऱ्यांचे आकडे नंतर, आधी मंडळाचे.