नाताळच्या पंगतीत व्हीगन पाहुणा

यवतमाळ जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांच्या नाताळात तीन गोष्टी सहसा चुकत नाहीत: सकाळची उपासना, दुपारचे सामिष जेवण आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकापुढे ठेवली जाणारी फराळाची ताटली, जिच्यात करंज्या, शंकरपाळे, अनरसे, चकल्या आणि केकचा एखादा तुकडा एकत्र नांदतात. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी ज्याला चालत नाहीत असा पाहुणा, मग ती पुण्यात शिकणारी भाची असो, मुलाची होणारी पत्नी असो वा परदेशातून आलेला स्नेही असो, घरी येणार असे कळले की यजमानांना पहिली चिंता पडते ती त्याला खायला काय द्यायचे याची. वास्तविक विदर्भाच्या स्वयंपाकघरात या चिंतेचे उत्तर शोधत बसावे लागत नाही, ते चुलीवर असतेच. यजमानाची कसोटी लागते ती अन्न कसे वाढले जाते आणि पाहुण्याचा नकार कसा ऐकला जातो येथे.

मांस, मासे व अंडी यांबरोबरच दूध, दही, लोणी, तूप, खवा, पनीर आणि मध हे प्राण्यांपासून मिळणारे सारेच पदार्थ जी व्यक्ती वर्ज्य मानते तिला 'व्हीगन' म्हणतात. नोव्हेंबर 1944 मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन केली, त्या सुमारास 'व्हेजिटेरियन' या शब्दाची सुरुवातीची व शेवटची अक्षरे जोडून हा शब्द घडवला गेला. मराठी माणसाची शाकाहाराची कल्पना याहून निराळी आहे, कारण येथे अंडे मांसाहारात मोजले जाते, पण दूध-तूप मात्र सात्त्विक आहाराचा गाभा समजले जाते. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही हीच समजूत पाळतो, त्यामुळे दुधाची भुकटी घातलेल्या बिस्किटांवर तो निःशंकपणे छापलेला असतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2022 मध्ये व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले आणि त्यांना वेगळे चिन्ह दिले, तथापि ते चिन्ह जेथे नसेल तेथे पाकिटामागची घटकांची यादी वाचणे हाच खात्रीचा मार्ग राहतो. व्हीगन आहारामागे बहुधा प्राण्यांना होणाऱ्या त्रासाचा विचार असतो, म्हणून 'चमचाभर तुपाने काय होते' हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. एकादशी धरलेल्या माणसाला चार शिते भात खाण्याचा आग्रह कोणी करत नाही, इतकी साधी तुलना मनाशी ठेवली तरी मराठी घराला ही भूमिका परकी वाटू नये.

यवतमाळमध्ये ख्रिस्ती समाजाची पाळेमुळे चांगली खोल आहेत. फ्री मेथडिस्ट मिशनचे कार्य या भागात दीर्घकाळ चालले, पांढरकवड्याजवळच्या उमरीच्या मिशन रुग्णालयाचे नाव जिल्ह्याबाहेरही पोहोचले, आणि आज पुण्यात असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था 1953 मध्ये यवतमाळातच आकाराला येऊन 1983 मध्ये पुण्याला हलली. परप्रांतातले विद्यार्थी आणि परदेशी शिक्षक यांना आपल्या ताटात सामावून घेण्याचा अनुभव या गावाला त्यामुळे नवा नाही.

अन्नाच्या नकाराचा अर्थ चुकीचा लावला गेला तर काय होते, याचे मराठी ख्रिस्ती इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी त्यांनी आपली मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. परंतु धर्म बदलला तरी त्यांचा शाकाहार बदलला नाही. ज्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई धर्ममाता मानत, त्यांना या शाकाहारात जुन्या जातीचा अभिमान शिल्लक राहिल्याचे चिन्ह दिसले, आणि दोघींच्या पत्रव्यवहारात हा विषय अतिशय कडवट झाला. रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा होता की, एखादी इंग्रज स्त्री हिंदू लोकांत काही काळ राहायला आली आणि तिने आपल्या चालीरीती सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणणार नाही, मग हाच न्याय आपल्याला का लावू नये. वाँटेजच्या भगिनींनी रमाबाईंना आसरा दिला, शिक्षणाची सोय केली, त्यांच्या लहान मुलीला सांभाळले; एवढे प्रेम देणाऱ्या घरातही अंडे घातलेल्या पुडिंगची नाकारलेली एक वाटी श्रद्धेची परीक्षा ठरू शकली, ही बाब आजच्या यजमानाने थांबून लक्षात घेण्यासारखी आहे. रमाबाईंना सलत होते ते ताटातले उणेपण नव्हते, त्यांच्या नकारावर मारलेला अहंकाराचा शिक्का त्यांना सलत होता.

ख्रिस्ती परंपरेच्या दृष्टीने पाहिले तर हा शिक्का निराधार होता. पौलाच्या रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय नेमका याच प्रसंगाविषयी आहे: मंडळीत काही जण सर्व काही खातात, काही जण केवळ भाजीपाला खातात, आणि त्या दोघांनीही परस्परांना तुच्छ लेखू नये किंवा दोषी ठरवू नये असे पौल तेथे सांगतो. दानिएलाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात राजाच्या पक्वान्नांना नकार देऊन दहा दिवस शाकान्न आणि पाणी यांवर राहणारे चार तरुण भेटतात. याहूनही उद्बोधक गोष्ट म्हणजे जगातील अनेक प्राचीन चर्च नाताळच्या आधीचा काळ प्राणिजन्य अन्नाशिवाय काढतात. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती नाताळपूर्वी चाळीसहून अधिक दिवस मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य करतात, आणि केरळातील सुरियानी ख्रिस्ती डिसेंबरच्या आरंभापासून पंचवीस दिवसांचा 'नोंबु' म्हणजे उपवास पाळतात. व्हीगन पाहुण्याची भूमिका आणि हे उपवास यांची कारणे वेगळी आहेत हे खरे, पण दुधा-तुपावाचून स्वयंपाक करणे म्हणजे नाताळच्या विरुद्ध काहीतरी करणे, ही शंका मनात असलीच तर ती येथे फिटायला हवी.

आता स्वयंपाकघराकडे वळता येईल. पाहुण्यासाठी कोपऱ्यात वेगळी पातळशी भाजी करून ठेवण्यापेक्षा, सर्वांनी आवडीने खाव्यात अशा दोन-तीन वस्तू पंगतीच्या मध्यभागी आणणे हे अधिक मायेचे, आणि त्यासाठी विदर्भाकडे पाटवडी रस्सा आहे, ज्याला बोलीत पाटोडी म्हणतात. तेलाच्या फोडणीत पाणी उकळून त्यात बेसन थोडे थोडे सोडायचे, गुठळी होऊ न देता ते घोटत राहायचे, आणि गोळा कढईच्या कडा सोडू लागला की तेल लावलेल्या ताटात थापून वर किसलेले खोबरे, खसखस व कोथिंबीर दाबून बसवायची. निवल्यावर सुरीने शंकरपाळ्याच्या आकारात कापलेल्या या वड्या, भाजलेले सुके खोबरे, कांदा, खसखस आणि खडा मसाला यांच्या वाटणाच्या रश्श्यात वाढताना सोडायच्या, म्हणजे त्या फुटत नाहीत. मटणाच्या रश्श्याला जे वाटण लागते त्याच जातीचे हे वाटण असल्यामुळे पाहुण्याच्या वाटीवर तशीच लाल तर्री येते, तसाच वास दरवळतो, आणि मटण खाणारेही एकेक वाटी मागून घेतात. वाटण एकदमच करून दोन पातेल्यांत विभागावे, मात्र दोन्ही पातेल्यांतले डाव अदलाबदल होणार नाहीत एवढी दक्षता घ्यावी, कारण मटणाच्या रश्श्यातला डाव पाटवडीत बुडाला की पाहुण्याच्या दृष्टीने सारे पातेलेच बाद होते.

डिसेंबर हा जिल्ह्यात तुरीच्या ओल्या शेंगांचा हंगाम असतो, आणि त्या सोलून काढलेले हिरवे दाणे, म्हणजे 'सोले', वांग्याबरोबर शिजवले की होणारी भाजी, भाजलेल्या वांग्याचे भरीत, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी आणि ठेचा या सगळ्यांत प्राणिजन्य काहीही नसते. अडचण येते ती शेवटच्या क्षणी सवयीने पडणाऱ्या तुपाची: घडीच्या पोळीला लावलेले, वरणावर सोडलेले, मसालेभातावर ओतलेले. हे तूप वाडग्यात वेगळे ठेवून ज्याने त्याने घ्यावे, एवढ्याने निम्मे काम होते.

फराळ आधीच करायचा असल्यामुळे त्याचा विचारही आधी करावा लागतो. करंजीच्या पारीत तुपाचे मोहन न घालता कडकडीत तेलाचे घातले, पीठ दुधाऐवजी पाण्यात भिजवले आणि सारणात खवा न घालता सुके खोबरे, खसखस, पिठीसाखर व वेलची एवढेच ठेवले, तर सगळा घाणाच पाहुण्याला चालतो, आणि वेगळा डबा करण्याची वेळ येत नाही. येथे नावाचा एक घोटाळा दूर केलेला बरा: 'वनस्पती तूप' हे नाव तुपाचे असले तरी तो घट्ट केलेल्या वनस्पती तेलाचा प्रकार आहे, म्हणून त्यात तळलेला पदार्थ ऐकताना वर्ज्य वाटला तरी वस्तुतः व्हीगन असतो. गोव्याच्या नाताळातले दोदोल तर मुळातच तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा गूळ यांवर उभे असते, पण त्याच ताटातल्या बेबिंक्यात अंड्याचा बलक व तूप असते, त्यामुळे गोव्याहून आलेला खाऊ पुढे करताना फरक सांगावा.

केक हा खरा अवघड प्रांत समजला जातो, कारण अंडे तेथे दोन कामे करते, पीठ बांधून ठेवते आणि हवा धरून ठेवते. यांपैकी पहिले काम वैदर्भी घरात चटणीसाठी आणलेला जवस करू शकतो. जवसाची पूड एक मोठा चमचा घेऊन तीन चमचे पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवली की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी चिकट व तारदार होते, आणि एका अंड्याची जागा घेते. दुसरे काम खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस यांच्याकडे सोपवावे, कारण त्यांच्या संयोगातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड पीठ फुगवतो, म्हणूनच लिंबू पिळल्यावर मिश्रण रेंगाळू न देता लगेच भट्टीत गेले पाहिजे. लोण्याऐवजी तेल आणि दुधाऐवजी सोयाबीनचे दूध वापरता येते, ज्याचा कच्चा माल याच जिल्ह्याच्या शेतांत पिकतो: दाणे रात्रभर भिजवून, साले काढून, वाटून, गाळून ते दूध चांगले उकळावे, कारण कच्च्या सोयाबीनमधील पचनाला अडथळा करणारे घटक उष्णतेनेच निष्प्रभ होतात.

ताट तयार झाले तरी पंगत अजून उरते. मराठी आदरातिथ्यात आग्रहाला मोठे स्थान आहे, आणि तो आग्रह सोडण्याची गरज नाही, त्याची दिशा तेवढी बदलावी; 'थोडे तरी घ्या' हे मटणाबद्दल न म्हणता पाटवडीबद्दल म्हटले की पाहुण्यालाही पोटभर होकार देता येतो. जेवताना दहा जणांदेखत 'मग प्रथिने कुठून मिळतात, दुधात काय पाप आहे' अशी चौकशी सुरू झाली तर पाहुण्याला घास गिळण्याऐवजी उत्तरे देत बसावे लागते, म्हणून घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने आदल्या दिवशीच सर्वांना सांगून ठेवणे हे सगळ्यांत हिताचे. एखाद्या पदार्थात तूप पडलेच असेल तर तसे स्पष्ट सांगावे. लपवून वाढलेला चमचा नंतर उघडकीस आला तर त्या घरातल्या पुढच्या प्रत्येक घासावरचा विश्वास जातो. भेटवस्तू देतानाही हाच विचार लागू पडतो, कारण अनेक व्हीगन व्यक्ती चामडे, लोकर व रेशीम वापरत नाहीत, आणि कापसाच्या या जिल्ह्यात कोशाच्या साडीऐवजी सुती साडी निवडणे मुळीच कठीण नाही.

सर्वांत जास्त चुका होतात त्या चहाच्या वेळी, आणि त्याही यजमानाच्या घरात न होता शेजाऱ्यांकडे होतात. नाताळपूर्वीच्या रात्री मंडळीतली मुले-माणसे कॅरल गात घरोघर फिरतात, प्रत्येक घरी दुधाचा चहा उकळत असतो आणि ताटली पुढे येते, त्यामुळे सोबत गेलेल्या पाहुण्याला प्रत्येक दारात तोच नकार पुन्हा द्यावा लागतो. फेरी निघण्यापूर्वी त्या घरांना निरोप धाडून दूध घालण्याआधीच एक कप कोरा चहा बाजूला काढायला सांगावे, आणि घरच्या तेलातल्या करंज्यांचा डबा पाहुण्याच्या हाती न देता कॅरलच्या पिशवीत टाकावा, म्हणजे गाणे संपल्यावर अंगणातच तो उघडला जातो आणि त्यात सगळ्यांचेच हात पडतात.