मर्दनापूर्वीची चौकशी

अंगमर्दनाचे रीतसर शिक्षण घेतलेला मनुष्य तेलाला हात लावण्यापूर्वी विचारतो : अलीकडे शस्त्रक्रिया झाली काय? दीर्घ प्रवास घडला काय? ही चौकशी अनाठायी नव्हे. फार वेळ पाय न हलल्यास पोटरीतील खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. बहुधा एकच पाय सुजतो, उष्ण व दुखरा होतो. तो चोळल्यास गुठळी सुटून हृदयावाटे फुप्फुसात अडकण्याचा व प्राणावर बेतण्याचा संभव असतो. अशा वेळी मर्दन न करता डॉक्टरकडे धाडणे हेच त्याचे कर्तव्य होय.

एरवी प्रथम हलका, लांब हात फिरतो. मग स्नायू मळले जातात. दाब असह्य झाल्यास निमूट सोसू नये. मर्दनाने स्नायूंतील लॅक्टिक आम्ल निघून जाते, ही समजूत मात्र निराधार आहे. ते व्यायामानंतर तासा-दीड तासात आपोआपच ओसरते.