रंगीत पेन्सिल : श्रम, कौशल्य आणि मोल

रंगीत पेन्सिलींची पेटी मूल शाळेत जाऊ लागले की घरात येते आणि बहुधा दहावीपूर्वीच अडगळीत जाते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांपुरते चित्र काढले जाते. पुढे ‘आता अभ्यासाला लाग’ असे सांगून ते थांबवले जाते. हे माध्यम बालवयापुरतेच आहे, अशी समजूत त्यामागे असते. या माध्यमातील चित्रकाराचे काम कसे चालते हे जवळून पाहिल्यास ती टिकणार नाही, असे आम्हांस वाटते.

एकोणिसाव्या शतकात रंगीत पेन्सिल मुख्यतः कागदांवर खुणा करण्यासाठी वापरली जाई. १९०८ मध्ये जर्मनीतील फाबर-कास्टेल कंपनीने खास चित्रकारांसाठी ‘पॉलिक्रोमोस’ ही मालिका काढली. १९९० मध्ये अमेरिकेत या माध्यमातील चित्रकारांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. आपल्याकडे दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या उत्पादनापासून सुरू केलेल्या कॅम्लिनने रंगसाहित्य शाळाशाळांत पोहोचवले.

पेन्सिलीच्या रंगीत कांडीत रंगद्रव्य, मेण किंवा तेल, पांढरी माती आणि डिंकासारखा चिकट पदार्थ असतो. तिचा थर पातळ व काहीसा पारदर्शक उमटतो. खालचा रंग वरच्या रंगातून दिसत राहतो. म्हणून येथे रंग ताटलीत कालवले जात नाहीत, ते कागदावरच एकावर एक चढवले जातात. आपल्या रत्नागिरीचा जांभा दगड रंगवायचा असेल, तर आधी फिकट पिवळसर मातकट थर, त्यावर नारिंगी, मग तांबूस तपकिरी आणि छिद्रांतील सावलीसाठी गर्द निळा किंवा हिरवा द्यावा लागतो. तेथे नुसता काळा घासला तर दगड निर्जीव दिसतो. सुरुवातीला हात हलका आणि टोक अणकुचीदार हवे. जोर दिला की कागदाचा दाणा दबतो आणि पुढचा थर धरत नाही. पांढरा रंग म्हणजे बहुतेक वेळा मोकळा ठेवलेला कागदच. गडद झालेली जागा खोडरबराने पुरती कोरी होत नाही. त्यामुळे उजेड कोठे ठेवायचा, हे पहिली रेघ ओढण्यापूर्वीच ठरवावे लागते.

कोकणातील पावसाळा हा या कामाचा मोठा परीक्षक आहे. दमट हवेत कागद मऊ पडतो, वळतो, त्यावर बुरशी धरते. म्हणून कागद प्लास्टिकच्या बंद पिशवीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवतात. चौकटीत बसवताना चित्र काचेला चिकटू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची किनार देतात. उन्हाचीही काळजी घ्यावी लागते. काही गुलाबी व जांभळे रंग उजेडात लवकर उडतात. चांगला चित्रकार प्रत्येक रंगाची पट्टी काढून तिचा अर्धा भाग झाकतो आणि काही महिने खिडकीत ठेवतो. जो रंग फिका पडतो तो विक्रीच्या चित्रात वापरत नाही. विकत घेणाऱ्याच्या विश्वासाला जागण्याचा हा भाग आहे.

आता प्रश्न मोलाचा. वहीच्या दोन पानांएवढ्या बारकाईच्या चित्रास ४० तास सहज लागू शकतात. दिवसाचे आठ तास धरले, तर ते पाच दिवसांचे काम झाले. जांभ्याचे चिरे रचणाऱ्या गवंड्याला आपण पाच दिवसांची मजुरी मोजून देतो. ‘तुला आवड आहे ना, मग फुकट बांध’ असे त्याला म्हणत नाही. चित्र काढणाऱ्या मुलाला किंवा मुलीला मात्र हेच वाक्य नातेवाइकांकडूनच ऐकावे लागते. ज्या घरांतील मागच्या पिढ्यांनी कमी मजुरीत आणि बिनमजुरीत श्रम केले, त्या घरांनी तरी हे वाक्य उच्चारू नये, असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

यासाठी शिकाऊ चित्रकाराने एक वही ठेवावी. तारीख, लागलेले तास, वापरलेल्या पेन्सिलींचे क्रमांक, कागदाचा व चौकटीचा खर्च तीत लिहावा. किंमत सांगताना ही वही बोलते. संकोच करावा लागत नाही. व्यक्तिचित्रे, पुस्तकांतील चित्रे, वनस्पतींची अभ्यासचित्रे, शिकवण्या अशी अनेक कामे मिळूनच उदरनिर्वाह उभा राहतो, हेही आधीच ओळखावे. पुढील कलाशिक्षणासाठी मुंबईच गाठावी लागते असे नाही. आपल्याच जिल्ह्यात सावर्डे आणि देवरूख येथे कलामहाविद्यालये आहेत.

पालकांनी दहावीनंतर ती पेटी टाकून देऊ नये. आणि माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आई-वडिलांचे चित्र एखाद्या तरुण हाताकडून काढून घेणार असेल, तर त्याने प्रथम ‘किती तास लागतील?’ असे विचारावे आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी.