फवारणीचें विष कातडींतून आंत कसें जातें?

सन २०१७ च्या पावसाळ्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडों इसमांस रुग्णालयांत न्यावें लागलें. फवारा अंगावर पडून व श्वासावाटे विष शरीरांत गेलें होतें. श्वासाचें समजतें, परंतु धडधाकट कातडींतून तें आंत गेलें कसें, असा प्रश्न अजूनहि अनेकजण विचारतात.

मनुष्याचें काय किंवा झाडाचें काय, शरीर अतिसूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. प्रत्येक पेशीस एक पडदा असतो; साध्या कागदाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढी त्याची जाडी. हा पडदा मुख्यत्वेंकरून चरबीसारख्या स्निग्ध द्रव्याचा आहे. १९२५ सालीं हॉलंडांतील गॉर्टर व ग्रेंडेल या दोघांनीं रक्तांतील तांबड्या पेशींचें स्निग्ध द्रव्य काढून तें पाण्यावर पसरलें, तों त्यानें व्यापिलेलें क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारें दुप्पट भरलें. त्यावरून पडदा दुपदरी ठरला. सारी नोकरी क्षेत्रफळाचे आंकडे उतरून काढण्यांत गेलेल्या आमच्यासारख्या कारकुनास ही मोजणी फारच पटते.

तेल व पाणी एकजीव होत नाहींत, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यामुळें पाण्यांत विरघळणारे क्षार या स्निग्ध पडद्यांतून आपोआप पार जाऊं शकत नाहींत. त्यांच्यासाठीं पडद्यांत प्रथिनांचीं निरनिराळीं दारें असतात. कपाशीचें मूळ जमिनींतील नत्र व पालाश अशाच दारांनीं घेतें, आणि त्याकरितां त्यास शक्ति खर्चावी लागते. शेतांत पाणी सांचलें म्हणजे मुळास हवा मिळत नाहीं, शक्ति पुरत नाहीं, व खत पायाशीं असून पीक पिवळें पडतें. असो.

याउलट जो पदार्थ स्निग्धांत विरतो त्यास दार लागत नाहीं, परवाना लागत नाहीं. तो पडद्यांतच विरून पलीकडे निघतो. ओव्हर्टन नांवाच्या शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक पदार्थ पेशींवर तपासून हा नियम बसविला. प्रोफेनोफॉस हें कीटकनाशक याच जातीचें. अळीच्या अंगावर मेणचट कवच असतें. त्यांतून शिरणारें औषध आपल्या कातडींतूनहि शिरतें. पाण्यांत ओततांच तें दुधासारखें पांढरें होतें, म्हणजे विरघळतें असें नव्हे. त्याचे तेलकट कण पाण्यांत तरंगत असतात. आपल्या कातडीचा वरचा थर म्हणजे मृत पेशींच्या विटा व मध्यें स्निग्ध द्रव्याचा चुना. पावसांत दिवसभर भिजलें तरी पाणी अंगांत मुरत नाहीं, मग औषध तरी कसें मुरेल, असा जो समज आहे तोच घातक होय.

कातडीहि सर्वत्र सारखी नाहीं. पॅराथिऑन या विषाची मनुष्याच्या कातडीवर केलेली मोजणी १९७१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. लावलेल्या शंभर भागांपैकीं कोपराखालील हातावरून सुमारें ९, डोक्यावरून ३२, काखेंतून ६४, आणि वृषणाच्या कातडींतून जवळजवळ सर्व भाग आंत गेले. पाठीवरचा पंप गळूं लागला म्हणजे ओघळ कोठें जातो, हें सांगणें नलगे.

मज्जातंतूंनीं दिलेला निरोप काम होतांच पुसून टाकणारें एक द्रव्य शरीरांत असतें. या जातीचें विष तें निकामी करतें, व निरोप मिटतच नाहीं. लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, छाती भरते, हातपाय लटके पडतात. अशा वेळीं रोग्याबरोबर औषधाची बाटली वा तिजवरील चिठ्ठी डॉक्टरांकडे अवश्य न्यावी, कारण सर्व विषांस उतारा एक नाहीं.

भिजलेले कपडे तत्काळ उतरावे. नुसत्या पाण्यानें तेलकटपणा सुटत नाहीं; साबण लावून भरपूर पाण्यानें अंग धुवावें. रबरी हातमोजे वापरावे हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु फवारणी मजूर करतो आणि हातमोजे मालकाच्या ओसरींत खुंटीस लटकलेले असतात, असें मीं एकाहून अधिक घरीं पाहिलें आहे.

मीं स्वतः निवृत्तीनंतरच्या पहिल्या हंगामांत तोंडास दुपट्टा बांधून फवारणी केली व सावध असल्याचें समाधान मानलें. सायंकाळीं डोकें जड झालें, मळमळलें. तें उन्हाचें म्हणून सोडून दिलें. अंघोळीस बसलों तेव्हां औषधाचा वास पायजम्याच्या मागच्या बाजूस येत होता. पंपाच्या झांकणांतील रबरी चकती चिरलेली निघाली; ती दुसऱ्या दिवशीं बदलली.