पहिली मोटारसायकल घेताना

बोईसरच्या एमआयडीसीत नोकरी लागली की पोराला आधी गाडी हवी असते. महिनाभरात तो घोटा सुजवून माझ्यासमोर बसतो. बहुतेकदा गाडी वेगात नसतेच. मनोर नाक्यावर थांबताना कलते, पाय टेकत नाही आणि सगळा भार घोट्यावर येतो. म्हणून घेण्याआधी गाडीवर बसून दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का, ते पाहावे. शंभर सीसीची गाडी साधारण ११० किलोची, साडेतीनशेची बुलेट १९० च्या आसपास. (बुलेटचा नाद तरुणपणी मलाही होता.) नवशिक्याने सव्वाशेच्या वर जाऊ नये. पैसे उरले तर आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट घ्यावे, असे नव्हे. ते गाडीच्या किमतीतच धरावे. वाघोबा घाटात पावसात गाडी घसरली, तर हनुवटीखाली पट्टा न आवळलेले हेल्मेट डोके आपटण्याआधीच निघून जाते.