हिशेबात न धरलेला गॅस

दुपारी साडेबारा वाजले की हाटकेश उद्योगनगरच्या गल्ल्यांतली धडधड एकेक शटर करत थांबते आणि अर्धवट उघड्या फटींतून डबे आत जायला लागतात. स्टीलचे तीन पुडांचे, प्लॅस्टिकचे निळे, काही नुसतेच पिशवीत गाठ मारलेले. आणणारा पोरगा सायकलवरून उतरतही नाही. कुणाचा डबा कुठला, हे झाकणाला बांधलेल्या दोऱ्याच्या रंगावरून कळतं. हाटक म्हणजे सोनं आणि हाटकेश हे शंकराचं नाव, गुजरातेतल्या नागर ब्राह्मणांचं कुलदैवत. मीरा रोडच्या या भागाला ते कसं चिकटलं असेल ते असो; सोन्याच्या ईश्वराच्या दारात दुपारी वास येतो तो डाळीच्या फोडणीचा.

हे डबे जिथून निघतात त्या घरांवर पाटी नसते. एका खोलीचं घर, ओट्यावर दोन शेगड्या, पहाटे साडेचारला पेटलेल्या. त्या घरातल्या बाईला विचारावं, "ताई, काय करता?" तर उत्तर ठरलेलं : "काही नाही हो, घरीच असते. थोडे डबे करते." रोज वीस माणसांना वेळेवर जेवू घालणारी बाई घरीच असते! मीरा रोडला इतकी वर्षं राहून हे वाक्य मी मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत ऐकलंय. नया नगरच्या आपाही हेच म्हणतात आणि भाईंदरला खाकरे लाटणाऱ्या बेनही.

या 'थोडे डबे करते'ला धंदा म्हणायला लावणारी एक संस्था मुंबईत पन्नास वर्षांपूर्वी उभी राहिली. तिची गोष्ट हाटकेशला आणून ठेवावी असं फार दिवस मनात होतं.

गिरणगावातली खाणावळ आता सिनेमात दिसते तेवढीच. कोकणातून, घाटावरून आलेला गडी बायकापोरं गावी ठेवून यायचा. झोपायला गाळ्यातली पथारी, तीही पाळीपाळीने. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठणार. जेवायला खाणावळ. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एक बाई दहा-पंधरा, कधी वीस गड्यांचं रांधायची. तिन्ही पाळ्यांचे गडी, म्हणून चूलही तिन्ही पाळ्यांत. भाकरी, कालवण, रविवारी मटण. पैसे महिन्याचा पगार झाल्यावर. तोवर वाण्याकडून माल उधार, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. अडीनडीला सावकार, आणि त्याच्याकडे ठेवायला गळ्यातलं. महिनाअखेर हातात काय उरलं हे तिला ठाऊक नसे, कारण घरचं जेवण आणि खाणावळीचं जेवण एकाच पातेल्यात शिजे.

या बायकांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते प्रेमा पुरव यांनी. गोव्याच्या, गोवा मुक्ती लढ्यात उतरलेल्या, पुढे मुंबईत डाव्या कामगार चळवळीत मुरलेल्या. यजमान दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेतले पुढारी. हा तपशील घरगुती वाटला तरी पुढे महत्त्वाचा आहे. १९७३-७४च्या सुमारास गिरण्यांत संप झाला. संपात गडी पगाराविना बसले, पण जेवत होते. खाणावळवाल्या त्यांना उधारीवर वाढत होत्या, त्यासाठी भांडी आणि दागिने गहाण टाकत होत्या. संप टिकतो तो गेटवरच्या सभेवर, असं युनियनमध्ये मानलं जाई. खरं म्हणजे तो या बायकांच्या पातेल्यावर टिकला होता, आणि युनियनच्या मागणीपत्रात त्यांचं नाव कुठेच नव्हतं. गिरणीच्या हजेरीपटावर त्या नव्हत्या, म्हणून त्या कामगारही नव्हत्या.

१९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं, अवघ्या चौदा बायकांनिशी. आपण आज सहज 'प्रशिक्षण' म्हणतो ते त्यात पहिल्या दिवशी नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. वीस माणसांना जेवू घालणाऱ्या बाईला स्वयंपाक शिकवायला कोण जाणार? प्रेमाताईंनी हात घातला तो भांडवलाला. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन सहा वर्षं झाली होती. १९७२ पासून गरिबांना चार टक्के व्याजाने कर्ज द्यायची विभेदक व्याजदर योजनाही कागदावर होती. पण कागद आणि काउंटर यांच्यात जे अंतर असतं ते इथेही होतं. खोली भाड्याची, पावती नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावाची, सही येत नाही, तारण म्हणून दाखवायला चूल. बँक व्यवहार जवळून माहीत असलेलं माणूस घरात असणं इथे उपयोगी पडलं. तोड निघाली ती साधी : बायकांनी गट करायचा आणि एकमेकींना जामीन राहायचं. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या दारात.

सावकार तारणावर जे मिळवत होता ते बँकेला शेजारणीच्या नजरेवर मिळालं. कुणाचा नवरा पितो, कुणाकडे खरेच दहा गडी जेवतात आणि कोण दहाचे वीस सांगते, हे शेजारणीइतकं कुठल्या मॅनेजरला कळणार? अहमदाबादेत 'सेवा' संघटनेच्या बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग काढून आदल्याच वर्षी, १९७४ला, स्वतःची बँक उभी केली होती. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांचा जोबरा गावातला छोट्या कर्जांचा प्रयोग १९७६चा. पुढे जगभर 'मायक्रोफायनान्स' म्हणून जे गाजलं, त्यातलं एक रोपटं दादर-परळच्या चाळींत आधीच लागलं होतं. त्याचा फार डांगोरा पिटला गेला नाही, इतकंच. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली, तोवर गिरण्यांच्या भोंग्यांची गाणी थांबून बराच काळ गेला होता.

त्या थांबण्यानेच मंडळाची खरी परीक्षा घेतली. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कित्येक पुन्हा आत गेलेच नाहीत. गडी गावाला गेला की खाणावळ संपली. कर्ज स्वस्त असून काय उपयोग, जेवायलाच कुणी नाही तर? इथून अन्नपूर्णाने जे केलं ते मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं : हात तेच ठेवले आणि गिऱ्हाईक बदललं. कार्यालयांची जेवणं, कॅन्टीन, समारंभांच्या ऑर्डरी, पुरणपोळ्या. आता मात्र शिकायला लागलं. वीस गड्यांचा अंदाज हाताला असतो, पण दोनशे ताटांचा वजनकाट्यावर करावा लागतो. गड्याला कालवण पातळ झालं तर तो कुरकुरतो आणि जेवतो. कचेरीतला साहेब दुसऱ्या दिवशी ऑर्डर बंद करतो. बिल द्यावं लागतं, पैसे चेकने येतात, चेकला खातं लागतं. प्रेमाताईंची मुलगी मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ पासून पुण्यात 'अन्नपूर्णा परिवार' वाढवला, तो वस्तीतल्या बायकांचं कर्ज, बचत आणि विमा यांच्या अंगाने.

याच जातीची आणखी एक संस्था माण तालुक्यात आहे. म्हसवडला चेतना गाला-सिन्हा यांनी १९९७ साली माणदेशी महिला बँक काढली. रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका अक्षरं गिरवायला बसल्या आणि मग अधिकाऱ्यांसमोर जाऊन म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, तुम्ही कॅल्क्युलेटर घ्या, आम्ही तोंडी करतो. परवाना मिळाला. पुढे त्यांनी धंद्याची शाळा काढली, ती बसमध्ये घालून गावोगाव नेली.

आता हाटकेशला परत येऊ. सरकारी दारं इथल्या बाईलाही आहेत, आणि ती कमी नाहीत. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन झालं २४ फेब्रुवारी १९७५ला. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, आणि अन्नपूर्णाचंही तेच साल. बचत गट बांधणं, त्यांना बँकेशी जोडणं हे त्याचं काम. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ २०००चं. अल्पसंख्याक म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर एकच समाज येतो. पण कायद्याच्या यादीत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आहेत आणि २०१४ पासून जैनही. म्हणजे नया नगरची आपा, उत्तनची ख्रिस्ती कोळीण आणि भाईंदरची जैन बेन एकाच रांगेत उभ्या राहू शकतात. मीरा-भाईंदरइतकं हे चित्र फार थोड्या शहरांत भरेल. २०१५ पासून मुद्रा योजना आहे, त्यातलं 'शिशु' कर्ज ५० हजारांपर्यंत, बिनतारणी. छोट्या धंद्यांची 'उद्यम' नोंदणी फुकट आहे, तरी ती करून देण्याचे पैसे घेणारे एजंट गल्लीच्या तोंडाशी बसलेले असतात. फुकट गोष्टीचे पैसे द्यावे लागतात ते कागदाच्या भीतीपोटी.

प्रशिक्षणाबद्दल मात्र माझी कुरकुर आहे. बायकांना काय शिकवायचं म्हटलं की आपल्या कल्पनाशक्तीची धाव शिवण, मेंदी आणि ब्यूटी पार्लर इथपर्यंतच. तीन महिन्यांचा वर्ग, शेवटी पाहुणे, प्रमाणपत्र, एकत्र फोटो. एका गल्लीत बारा ब्लाउज शिवणाऱ्या तयार होतात आणि ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या त्याच बारा असतात. त्यात वर्गाची वेळ अकरा ते एक. डबेवाली तेव्हा कुठे असते हे वेळ ठरवणाऱ्याने दुपारचा डबा उघडताना तरी आठवायला हवं होतं.

याउलट चांगला वर्ग कसा असतो ते मी एका संध्याकाळी पाहिलं. एका इमारतीतली सोसायटीची खोली, खाली सतरंजी, फळा नाही. शिकवणारी बाई स्वतः कधीकाळी पोळ्या लाटून देणारी. तिने एका डबेवाल्या ताईंना वही उघडायला सांगितली आणि सगळ्यांसमोर हिशेब मांडला. वीस डबे, ८० रुपयांचा एक, महिन्याचे २६ दिवस : ४१,६०० रुपये. किराणा-भाजी २२,०००. "म्हणजे सुटतात १९,६००," ताई म्हणाल्या. आवाजात जरा अभिमान होता.

"गॅस कुठाय?"

"गॅस घरचाच की."

खोलीत हसू पिकलं, पण वह्या उघडणाऱ्या इतर बायकांनी आपापल्या पानांवर बोट फिरवून पाहिलं. कुणाच्याच वहीत गॅस नव्हता. (घरचा लाल सिलिंडर धंद्याला वापरायचा नसतो, निळा घ्यावा लागतो, हा विषयही तिथेच निघाला आणि सगळ्या एकदम छताकडे बघायला लागल्या.) मग एकेक ओळ वाढत गेली. गॅस ३,५००. डबे पोहोचवणारा पोरगा ४,०००. फॉइल, पिशव्या, भांड्यांचा साबण १,१००. गाव बदलून निघून गेलेल्या कामगारांची बुडीत उधारी, सरासरी १,६००. राहिले ९,४००. पहाटे साडेचार ते दुपारी बारा, साडेसात तास, २६ दिवस : १९५ तास. शिकवणाऱ्या बाईने मोबाइलवर भागाकार करून फोन ताईंच्या हातात दिला. तासाला ४८ रुपये. वर महिना पाच टक्क्यांनी उचललेले २० हजार होते, त्यांचं व्याज दरमहा १,०००. ते वजा केल्यावर ४३.

ताई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल."

"किती तुटतील?"

"दोन तरी."

तेही मांडलं. किराणा एका डब्याला ४२ रुपयांच्या आसपास पडत होता. भाव ८५ केला आणि विसाचे अठरा झाले, तरी किराणा वजा जाता हातात येणारी रक्कम आधीपेक्षा पावणेचारशे रुपयांनी जास्तच निघाली, शिवाय रोज दोन डबे कमी रांधायचे. आणि कुणीच तुटलं नाही तर महिन्याला २,६०० वर. कोपऱ्यात बसलेल्या एका आपांनी हे स्वतःच्या वहीत उर्दूत उतरवून घेतलं, उजवीकडून डावीकडे, आकडे मात्र आपल्यासारखेच.

मला तेव्हा अन्नपूर्णाच्या त्या पहिल्या चौदाजणी आठवल्या. त्यांनाही कुणी रांधायला शिकवलं नव्हतं. स्वस्त भांडवल मिळालं, घरचं पातेलं आणि धंद्याचं पातेलं वेगळं झालं, आणि आपण काय भावाने विकतोय हे डोळ्यांनी दिसलं. हाटकेशच्या गाळ्यांतला कामगार गिरणीतल्या गड्याचाच चुलत भाऊ आहे. तो आज उत्तर प्रदेशातून किंवा बिहारातून येतो, पोटमाळ्यावर झोपतो आणि एखादा गाळा बंद पडला की एका रात्रीत दिसेनासा होतो. त्याच्या डब्यावर उभा असलेला धंदाही त्याच्याइतकाच अधांतरी असतो. म्हणून त्या वर्गात शेवटचा प्रश्न होता तो असा : वीसच्या वीस डबे एकाच गल्लीत जातात का? ताईंचे चौदा जात होते. दवाखान्यातल्या आया-नर्सा, शिकवणीचे वर्ग, एकटे राहणारे म्हातारे, अशी यादी बायकांनीच करायला घेतली. ती करताना त्यांना शिकवणाऱ्या बाईची गरज नव्हती. कोणत्या मजल्यावरच्या आजोबांची सून नोकरीला जाते, हे त्या सगळ्यांना पाठ होतं.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला त्या ताईंच्या डब्यांच्या झाकणांवर चिठ्ठी चिकटवलेली होती : 'आजपासून ८५ रु.' दुपारी एक वाजता फोन आला. मोल्डिंगच्या गाळ्यातला मुकादम होता. ठीक आहे म्हणाला, पण पाच रुपये घेताय तर चपाती पाचवी द्या.

ताईंनी फोन हाताने झाकला आणि वहीत कणकेची ओळ शोधायला लागल्या.